टेराफ्लॉप राहू दे, आधी तुमचा मोकळा वेळ कसा आहे ते सांगा

"कुठला गेमिंग कन्सोल घेऊ?" असं कोणी विचारलं की पुढच्या दहा मिनिटांत ठरलेलं भांडण सुरू होतं. एकजण म्हणतो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचा (म्हणजे चिपचा हिशोब करायचा वेग) आहे आणि सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस५, १०.२८ चा, विषय संपला. दुसरा म्हणतो पीएस५ ची एसएसडी (गेम साठवायची आतली डिस्क) बघ, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, विषय तिथे संपला. आणि निन्टेंडोच्या स्विचचं नाव निघालं की दोघंही एका सुरात "ते लहान पोरांचं आहे". ज्याने विचारलं तो कामावरून घरी कधी येतो, टीव्ही कोणाच्या ताब्यात असतो, त्याला रात्री दोन तास मिळतात की वीस मिनिटं, हे कोणीच विचारत नाही. आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. कन्सोल वयावर निवडू नका, ताकदीवर तर मुळीच नको, तुमचा वेळ सलग मिळतो की तुकड्यातुकड्यात मिळतो त्यावर निवडा.

ताकदीचं म्हणाल तर आजवरचा इतिहास बघा ना. निन्टेंडोचा हातात धरायचा गेम बॉय १९८९ ला आला तेव्हा त्याच्या स्क्रीनला ना रंग ना मागून उजेड. सेगाचा गेम गिअर पुढच्या वर्षी आला तो रंगीत, उजेडाच्या स्क्रीनचा, दोघं शेजारी ठेवले तर गेम बॉय केविलवाणा दिसायचा. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी जास्त वेळ चालायचा, मग हातात घेऊन बाहेर पडणारा माणूस कुठला उचलणार? गेम बॉयमागे गुनपेई योकोई होते, त्यांचा विचारच असा होता की जुनं, स्वस्त झालेलं, नीट हाताखालचं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. मला हा विचार आजही फार मोठा वाटतो.

सोनीच्या पीएस२ चंही तसंच. २००१ मध्ये निन्टेंडोचा गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आले, दोन्ही त्याच्यापेक्षा ताकदवान. विकले किती? गेमक्यूब २ कोटी १७ लाख, एक्सबॉक्स साधारण २ कोटी ४० लाख, आणि पीएस२ तब्बल १६ कोटी. कारण तो डीव्हीडी लावायचा, जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालवायचा, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचं काही ना काही काम होतं.

आता स्विच. टीव्हीलाही लावता येतो आणि हातातही धरता येतो असा हा कन्सोल २०१७ मध्ये आला आणि मला वाटतं याचा सगळ्यात मोठा शोध गेम नाही, बटण आहे. पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे झोपतो, परत दाबलं की त्याच उडीच्या मध्यावर आपण परत. झोपवून ठेवणं पीएस५ लाही जमतं, एक्सबॉक्सला तर क्विक रिझ्यूममुळे चार-पाच गेम एकदम जमतात, पण त्यासाठी टीव्ही मोकळा पाहिजे आणि टीव्हीसमोर तुम्ही पाहिजेत. स्विच उचलून दुसऱ्या खोलीत जाता येतं. ज्याचा दिवस बाळाच्या झोपेवर, प्रवासावर, शिफ्टच्या मधल्या सुट्टीवर चालतो त्याच्यासाठी हे फार मोठं आहे आणि असे लोक बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात, म्हणून "लहान पोरांचं" हे ऐकलं की मला राग येतो. शिवाय मूळ स्विचचे जॉयकॉन, म्हणजे दोन बाजूंचे छोटे कंट्रोलर, सुटे करून आडवे धरले की एका खोक्यात दोन खेळाडूंची सोय, वेगळा कंट्रोलर घ्यायची गरज नाही. माझी आई आयुष्यात कधी कंट्रोलर न धरलेली, तिला मारिओ कार्टमध्ये स्मार्ट स्टिअरिंग लावून दिलं, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जातच नाही, आणि ती पहिल्याच संध्याकाळी शेवटपर्यंत पोचली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

पण निन्टेंडोवाल्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांचा वी (Wii) हा कन्सोल विक्रीत १० कोटींच्या वर गेला, एचडी चित्र नसताना गेला, कारण हात हलवून बोलिंग खेळता येतं हे आजी-आजोबांनाही कळलं. त्याच्या पुढचा वी यू १ कोटी ३५ लाखांवर अडकला. नाव असं की नवा कन्सोल आहे की जुन्याचं ॲक्सेसरी हेच कळेना, आणि बोलिंग खेळणारी माणसं माझ्या मते तोवर फोनवर गेली होती. एकदा आलेला प्रेक्षक आपला झाला असं नसतं. स्विच २ ने २०२५ मध्ये नाव तरी सरळ ठेवलं, मोठा स्क्रीन, टीव्हीवर ४के पर्यंत, बरं झालं.

पीएस५ सलग वेळवाल्यांचा. हे मी कौतुकाने म्हणतोय. दार लावून, हेडफोन घालून, दोन-तीन तास एकाच गोष्टीत बुडायला ज्याला आवडतं त्याने दुसरीकडे बघूच नये. त्याच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचे ट्रिगर बोटाला अडतात, धनुष्य ताणताना खरंच ताण जाणवतो, पावसाचे थेंब तळहातात कळतात, आणि हे सगळं वीस मिनिटांत अंगात भिनत नाही. गॉड ऑफ वॉरसारखा गेम तुकड्यात खेळला की कोण कुणावर का रागावलंय तेच विसरायला होतं. फक्त एक, यातले बरेच गेम उशिरा का होईना पीसीवरही आलेत, तेव्हा ज्याच्याकडे आधीच चांगला पीसी आहे आणि थांबायची तयारी आहे त्याने दोनदा विचार करावा.

एक्सबॉक्सबद्दल लिहिताना मला जरा वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे प्रेक्षकाचा विचार सगळ्यात जास्त आहे आणि गोंधळही. २०१३ चा एक्सबॉक्स वन आठवा. चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडलाच पाहिजे, वापरलेली डिस्क मित्राला द्यायची तर अटी, वर किनेक्ट हा कॅमेरा सक्तीने आणि त्यामुळे पीएस४ पेक्षा १०० डॉलर महाग. सोनीने उत्तर म्हणून छोटासा व्हिडिओ काढला, एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, झालं शेअरिंग. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात ते नियम मागे घेतले पण गेलेला विश्वास त्या पिढीत परत आला नाही. नंतर मात्र २०१७ मध्ये गेम पास (महिन्याला पैसे भरून बरेच गेम खेळायला देणारी योजना), जुन्या एक्सबॉक्सच्या निवडक डिस्कसुद्धा सिरीज एक्सवर चालणं, आणि २०१८ चा अडॅप्टिव्ह कंट्रोलर. हात नीट चालत नाहीत अशा माणसाला मोठी बटणं आणि आपापली वेगळी बटणं-खटके जोडून खेळता येतं. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी बाकी सगळी तुलना दुय्यम आहे.

गेम पास कोणाचा, तर चाखणाऱ्यांचा. आज रेसिंग, उद्या कोडी, परवा एखाद्या छोट्या टीमने बनवलेला इंडी गेम, नाही आवडला तर डिलीट, त्याचं दुःख नाही. पण वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याने दर महिन्याला पैसे का भरायचे? त्यात २०२४ पासून मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्सपुरते राखलेले गेमही दुसऱ्या कन्सोलवर जायला लागले, आधी चार, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ सुद्धा पीएस५ वर. म्हणजे खोकं घ्यायचं कारण त्यांनीच कमी केलं. खेळणाऱ्यांसाठी हे चांगलंच आहे, सिरीज एक्स विकत घेणाऱ्यासाठी नाही.

मित्र कुठल्या कन्सोलवर आहेत हे बघा असं सगळे सांगतात. २०१८ मध्ये सोनीने क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळणं, उघडल्यापासून बऱ्याच मोठ्या ऑनलाइन गेममध्ये ती अडचण राहिली नाही, तरी तुमचा गेम कुठला ते तपासून घ्या.

आणि डिस्क. हे जीव तोडून सांगतो. एक्सबॉक्सच्या सिरीज एस ला डिस्क ड्राइव्ह नाही आणि बाहेरून लावताही येत नाही. पीएस५ प्रो मध्ये नाही, वेगळा घेऊन लावता येतो. स्विच २ च्या काही कार्डांत गेमच नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. निन्टेंडोच्या वी यू आणि हातातल्या ३डीएस ची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद झाली, तिथे आता नवीन काही विकत घेता येत नाही. ज्याला दहा वर्षांनी आपल्या पोराला आपला गेम दाखवायचाय त्याने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचूनच पैसे द्यावेत.

माझ्या घरचं सांगतो. मुलगी झाली तेव्हा माझ्याकडे टीव्हीखाली एक ताकदवान कन्सोल होता आणि त्यावर दोन वर्षं धूळ बसली, कारण वेळ मिळायचा तो वीस मिनिटांचा आणि तोही बेडरूममध्ये, अंधारात. हातात धरायचा कन्सोल घेतला आणि त्या वीस-वीस मिनिटांत मी तीन मोठे गेम संपवले. आता ती नऊला झोपते, टीव्ही मोकळा असतो, मोठा कन्सोल पुन्हा रोज सुरू होतो. हातातला तिने घेतलाय, आणि रविवारी दुपारी ती आणि आजी मारिओ कार्ट खेळतात.