‘मालक कोण ते दाखवा’ वाला मेसेज पिल्लावर करून बघू नका, प्लीज

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा तो मेसेज आलाच शेवटी, ‘पिल्लाला आज्ञाधारक बनवण्याचे सात नियम’, बऱ्याच जणांकडे पोचलाय असं दिसतंय. डिचोलीला माझ्या ताईने दोन महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय आणि तिचा मुलगा, दहा वर्षांचा, मेसेजमधला तिसरा नियम वाचून पिल्लाला फरशीवर उताणं दाबून धरत होता. ताईने व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ कसं शांत झालं.’ ताई, ते शांत झालेलं नाही गं, ते घाबरून थिजलंय. कान मागे, शेपूट पायांत, सारखी नाकावर जीभ फिरवतंय, नजर चुकवतंय. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे सविस्तर लिहितोय, कारण हा मेसेज अजून किती घरांत गेलाय कोण जाणे.

आधी त्या तिसऱ्या नियमाचंच बघू, कारण सगळ्यात घातक तोच आहे. ‘कुत्रा म्हणजे लांडगा, कळपात एक अल्फा असतो, तुम्ही अल्फा व्हा, पिल्लू ऐकत नसेल तर उलटं पाडा आणि ते हार मानेपर्यंत सोडू नका.’ ही अल्फाची, म्हणजे सगळ्यांना दाबून ठेवणाऱ्या म्होरक्याची गोष्ट मुळात आली बंदिस्त लांडग्यांवरून. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी असे कोंडलेले लांडगे बघून त्यांच्यातल्या भांडणांवर लिहिलं होतं. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने अल्फाची कल्पना लोकप्रिय केली आणि मग त्यांनीच कॅनडातल्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघून 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांच्यामुळे शब्द पसरला त्यांनीच तो मागे घेतला, त्यालाही पंचवीसहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून त्याच्या जोरावर दोन महिन्यांच्या जिवाला दाबून धरतोय! बरं, लांडग्यांत कुणी कुणाला जबरदस्तीने उताणं पाडतही नाही, दबणारा लांडगा आपणहून आडवा होतो.

याने होतं काय तेही मोजलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 140 कुत्रामालकांचे अनुभव गोळा केले, हे लोक कुत्र्याच्या वागण्याची तक्रार घेऊन तिथल्या क्लिनिकमध्ये आले होते. उताणं पाडून धरण्याचा प्रयोग ज्यांनी केला होता त्यांच्यातल्या 31 टक्के लोकांवर कुत्रा उलट चवताळला. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 43 टक्के. मान्य, ती आधीच त्रास देणारी कुत्री होती, पण मग तर मेसेजवाल्यांनी जास्तच विचार करायला हवा, कारण ‘कुत्रा ऐकत नाही’ म्हणणाऱ्यांनाच ते हा उपाय सांगतायत. आणि दाबून धरताना मुलाचं तोंड कुठे असतं? पिल्लाच्या दातांसमोर. आज त्याचे दुधाचे दात आहेत, वर्षभराने जबडा मोठ्या कुत्र्याचा असेल. चावलं की जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, इंजेक्शनांसाठी धावा, आणि मग ‘कुत्रा बिघडला’ म्हणून त्याला लांब कुठेतरी नेऊन सोडा, हेच होतं मग.

‘बस’ शिकवायला दाबाबिबायची काही गरजच नाही. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, मीठमसाला कांदालसूण काही नको, पिल्लाच्या नाकाशी धरा आणि हात हळूच डोक्यावरून मागे न्या, नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं, टेकलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. हात फार उंच नेला तर ते उडी मारेल, इतकंच सांभाळा. हाताच्या इशाऱ्यावर बसायला लागलं की मग इशाऱ्याच्या आधी ‘बस’ म्हणायला सुरुवात करा. दोनतीन मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा, कंटाळायच्या आत थांबायचं. ‘ये’ शिकवताना एकच पाळा, बोलावून आलेल्या पिल्लाला कधीही ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी येणार नाही.

घरात शू केली तर नाक त्यात घासा, हा पाचवा नियम. शू होऊन गेल्यावर कसली शिक्षा मिळतेय ते त्याला जुळतच नाही, त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे लपून करायला लागतं, आणि अंगणात नेलं तर तुमच्यासमोर करतच नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्या, तिथे केली की तिथल्या तिथे कौतुक करा. पावसाळ्यात बाहेर जायला कुरकुरतं, तर पत्र्याखालची एक कोरडी जागा ठरवून ठेवा, झालं.

‘सहा महिन्यांपर्यंत काही शिकवू नका, घराबाहेर काढू नका.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लं मरतात, लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला बाजारात किंवा भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नयेच. पण शिकवू नका हे साफ चूक. पहिले तीन महिने हाच जग ओळखण्याचा मुख्य काळ असतो, प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांची संघटनाही हेच सांगते. तेव्हा कडेवर घेऊन फिरवा, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा ऐकू दे, बसस्टँड, छत्रीवाली माणसं, शाळेची पोरं बघू दे. हे न बघता वाढलेलं कुत्रं चतुर्थीच्या फटाक्यांना पलंगाखाली थरथरत बसतं, मग आपण म्हणतो भित्रं निघालं.

बाकीचं थोडक्यात. खाऊ देऊन लालची होतं म्हणे. सुरुवातीला दर वेळी द्या, पक्कं झालं की अधूनमधून, आणि तेवढं जेवणातून कमी करा. आज्ञा इंग्रजीतच द्याव्यात म्हणे. का? मराठीत द्या, कोंकणीत द्या, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच एक शब्द वापरा, आजी ‘बस’ आणि नातू ‘सिट’ असं नको. आणि ‘गावठी शिकत नाही’ हे ज्याने लिहिलं त्याने गावठी पिल्लासमोर चिकनचा तुकडा कधी धरलेलाच नसावा. ताई, शनिवारी येतोय, भाच्याला सांग उकडलेलं चिकन तयार ठेव, ‘बस’ त्याच्याच हातून शिकवू.