अजब बंगला भोसल्यांचा राजवाडा नव्हता

नागपूरच्या अजब बंगल्याविषयी, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाविषयी, एक मजकूर गटागटांतून फिरतो आहे. पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनहून परत आली आणि त्याला आणखीच जोर चढला. मजकूर थोडक्यात असा: अजब बंगला हा मुळात नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा. १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तो लुटला आणि तलवार तिथूनच नेली. लुटीत उरलेल्या मालाचं त्यांनी म्युझियम केलं, आणि तेच देशातलं पहिलं म्युझियम.

हे पुढे पाठवणाऱ्यांना भोसल्यांचा अभिमान आहे. तो मलाही आहे, आणि म्हणूनच हे चुकीचं सांगितलेलं सहन होत नाही.

आधी राजवाडा. भोसल्यांचा राजवाडा महाल नावाच्या जुन्या वस्तीत होता. गांधी गेटातून आत शिरा आणि जुन्या वस्तीतल्या कुणालाही विचारा, नगारखान्याची कमान दाखवतील. काळ्या दगडाचा, नक्षीदार लाकूडकामाने भरलेला तो वाडा १८६४ साली आगीत जळाला, आणि मागे राहिला तो नगारखाना. अजब बंगला सिव्हिल लाईन्समध्ये आहे, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, आणि तो सुरू झाला १८६३ साली. म्हणजे संग्रहालय उघडलं तेव्हा राजवाडा महालात उभाच होता. दोन्ही वास्तू एकच असत्या, तर संग्रहालयही पुढच्याच वर्षी राख झालं असतं.

हा घोळ कुठून आला असेल? माझा अंदाज असा की तो महाराजबागेमुळे आला. ती बाग खरोखर भोसल्यांची, आणि ती सिव्हिल लाईन्सच्या अगदी जवळ. बाग राजाची म्हटल्यावर शेजारचा जुना बंगलाही राजाचाच, असं कुणीतरी धरून चाललं असावं.

आता १८१७ ची लूट. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला झाली. तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले हरले, पुढे पदच्युत झाले, हे सगळं खरं. पण गादी संपली नाही. १८१८ मध्ये तिसरे रघुजी लहान वयात गादीवर बसले, दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बांकाबाईंनी कारभार पाहिला, आणि राजवाडा पुढची पस्तीस वर्षं भोसल्यांकडेच राहिला. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं.

खरी लूट त्यानंतरची, आणि तिच्याबद्दल या मजकुरात एक ओळ नाही. घरात राजाच्या विधवा राण्या असताना कंपनीच्या माणसांनी राजवाड्यातलं जडजवाहीर आणि सामानसुमान ताब्यात घेतलं. हत्ती, घोडे, बैल इथेच लिलावात मातीमोल भावाने काढले. दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. वृद्ध बांकाबाईंनी याला विरोध केला, आपली माणसं थेट लंडनला पाठवली. उपयोग झाला नाही. १८५८ मध्ये त्या वारल्या. हे सारं घडलं शांततेच्या काळात, कागदोपत्री, सरकारी हुकमाने. लढाईतल्या लुटीपेक्षा मला हे जास्त संतापजनक वाटतं. रणात हरलेल्याचं जिंकणारा नेतो, हे जगभर झालं आहे. इथे तर कुणी लढायलाही उभं नव्हतं. हा सगळा प्रसंग महालातून उचलून सिव्हिल लाईन्समध्ये आणि १८५४ मधून १८१७ मध्ये नेऊन ठेवला, की बांकाबाईंची झुंज गोष्टीतून पुसली जाते.

तिसरा दावा, संग्रहालयात लुटीतला उरलेला माल आहे. असं लिहिणाऱ्याने दालनं पाहिली नसावीत. मध्य प्रांत २ नोव्हेंबर १८६१ ला झाला, नागपूर त्याची राजधानी झालं, आणि १८६२ पासून मुख्य आयुक्त असलेल्या रिचर्ड टेंपलच्या काळात हे संग्रहालय सुरू झालं. मग साऱ्या प्रांतातून वस्तू येत गेल्या. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० मध्ये गुरं राखणाऱ्या पोरांना तांब्याचा एक तुकडा जमिनीतून वर आलेला दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारं आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्या निधीचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही अवजारं नागपूरला राहिली. माळव्याच्या परमार नरवर्म्याचा विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा शिलालेख इथे आहे. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या वाकाटक काळातल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती आहेत. त्या तर स्वातंत्र्यानंतर सापडल्या, मग त्या भोसल्यांच्या लुटीत कशा असतील? शिवाय गोंडांच्या जगण्यातल्या वस्तू आहेत आणि पेंढा भरलेले प्राणी आहेत. हे नागपूर १७०२ च्या सुमारास वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंदने. इथल्या संग्रहाला एका घराण्याचं उरलंसुरलं म्हणणं हा गोंडांवर आणि वाकाटकांवरही अन्याय आहे.

देशातलं पहिलं म्युझियम? नाही. कलकत्त्याचं १८१४ चं, मद्रासचं १८५१ चं. आपलं १८६३ चं, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक नक्कीच. तेवढा मान पुरेसा आहे.

राहिली तलवार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. पातं युरोपीय बनावटीचं, आणि त्यावर सोन्याने देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा अशी अक्षरं; सेनासाहेबसुभा हा नागपूरकर भोसल्यांचा किताब. ती १८१७ मध्ये अजब बंगल्यातून नेली असं मजकूर सांगतो. १८१७ मध्ये अजब बंगला नव्हता. तो उभा राहायला अजून ४६ वर्षं जायची होती, तेव्हा तिथून काही नेण्याचा प्रश्नच येत नाही. तलवार नागपूरकरांना नागपुरातच पाहायला मिळावी, ही मागणी मात्र मला पूर्ण मान्य आहे. कटक, बंगालपर्यंत फौजा नेणाऱ्या पहिल्या रघुजींचं हे शहर आहे. ती मागणी करणारं निवेदन कुणी लिहीत असेल तर त्यात राजवाडा महालातला लिहा आणि राजवाड्याच्या लुटीचं साल १८५४ लिहा. तेवढं केलंत तर माझीही सही त्यावर आहे.