मामा, त्या मशीनला शिसं दिसत नाही

वसमतच्या मामांनी पहाटे साडेपाचला फॉरवर्ड टाकला. "खिशातलं डीएनए मशीन! चिमूटभर हळद टाका, 2 मिनिटांत कोणतीही भेसळ पकडा. हिरवा लाइट म्हणजे शंभर टक्के शुद्ध. भेसळीचे जीन्स पोटात गेले की आपले जीन्स बदलतात." खाली मामांचं, "घेऊ लालो बघ, 4,999 ला आहे." चौघांनी अंगठे पण दिलेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी तो हिरवा लाइट, कारण खरा घात तिथंच आहे. डीएनए सापडतो झाडाझुडपांत, जनावरांत. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून जे लेड क्रोमेट चोळतात त्यात शिसं असतं, डीएनए कुठून येणार? मेटॅनिल यलो या केमिकलच्या पिवळ्या रंगाचं तेच, दुधातल्या युरियाचंही तेच. म्हणजे शिसं लावलेली हळद टाकली तरी मशीन म्हणणार हळदच आहे, आणि ते खोटंही नसणार! तीच हळद लेकरांच्या दुधात जाते, आणि शिसं सरळ मेंदूवर जातं. बांगलादेशात 2019 ला बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, मग धाडी पडल्या, दंड झाले, 2021 ला ते शून्यावर आलं. तिथंही मशीन हातातलंच होतं, पण एक्स-रेवालं, जीन्सचं नाही.

आता, पेटीत डीएनए ओळखायचं टेक्निक खरं आहे, तेवढं मान्य. लॅम्प म्हणतात, जपान्यांनी 2000 साली आणलं, 60 ते 65 डिग्रीच्या एकाच तापमानावर चालतं म्हणून छोट्या पेटीत बसतं. हळदीत मक्याचं पीठ नाहीतर रानहळद घातली तर कळू शकतं. पण 2 मिनिटांत नाही हो, आधी पावडरीतून डीएनए काढायचा, मग अर्धा-पाऊण तास, आणि मामा तुम्हीच कुकरला हळद शिजवता, वाळवता, त्यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात. वर ज्याचं किट तेवढंच सांगणार, मक्याचं किट असलं अन् तांदूळ मिसळला तर गप. आणि चक्कीत आधी मका दळलेला असला तर चांगल्या हळदीवरही बोंब.

जीन्स बदलण्याचं काय बोलावं? पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकर खातोय, कुणाला कणीस फुटलं का?

शिसं बघायचं तर सँपल लॅबलाच द्या. आणि ऑर्डर टाकली असेल तर कॅश ऑन डिलिव्हरीच आहे ना, पोऱ्या आला की परत पाठवा.