बीपी नॉर्मल आहे, म्हणून आत रक्तस्राव नाही?

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा: गाडी घसरून पोटाला हँडल लागले, पण बाहेर जखम नसेल, पोट फुगलेले नसेल आणि बीपी नॉर्मल असेल, तर दवाखान्याच्या खर्चात पडू नये, हळदीचे दूध आणि पेनकिलर घेऊन झोपावे, फारच शंका असेल तर एक सोनोग्राफी करावी, ती नॉर्मल आली की विषय संपला. दुचाकींच्या या शहरात हा सल्ला कोणाच्याही जिवावर बेतू शकतो.

बाहेरच्या जखमेचा आतल्या इजेशी फारसा संबंध नसतो. डाव्या बरगड्यांआड प्लीहा (स्प्लीन) आणि उजवीकडे यकृत हे दोन्ही अवयव मऊ आणि रक्ताने भरलेले असतात. हँडलचे टोक पोटात रुतले, तर कातडीवर जेमतेम एक गोल वळ उमटतो आणि आत प्लीहा फाटलेली असू शकते. पोट फुगण्याची वाट पाहणेही व्यर्थ आहे, कारण उदरपोकळीत लिटरभर रक्त साचूनही ते बाहेरून पूर्वीसारखेच दिसू शकते. सुटलेल्या पोटांबाबत तर बोलायलाच नको.

सर्वांत घातक विधान बीपीचे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातील १५ ते ३० टक्के, म्हणजे पाऊण ते दीड लिटर रक्त गेले, तरी शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाचे ठोके वाढवून वरचा दाब बराच काळ टिकवून धरते. तो कोसळतो बहुधा त्यानंतर, आणि तेव्हा हाताशी वेळ थोडा उरतो. त्याआधी नाडी शंभराच्या वर जाते, हातपाय गार पडतात, ओठ पांढरे दिसतात, दरदरून घाम येतो, उठून बसताच भोवळ येते. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांची तर नाडीही वाढेलच असे नाही. मार पोटाला लागला असताना डावा खांदा दुखू लागला, तर तेथे बाम चोळत बसू नये. साचलेले रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचते, तेव्हा ती कळ खांद्यात जाणवते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात: तातडीने शस्त्रक्रिया करावी लागल्यास भूल देताना पोटातले दूध उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणे झाकतात व रक्त गोठण्यातही अडथळा आणतात.

राहिली सोनोग्राफी. पोटात साधारण २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त असेल, तर ते तिच्यात निसटू शकते, म्हणून डॉक्टर काही तासांनी ती पुन्हा करतात किंवा सीटी स्कॅन सांगतात. शिवाय प्लीहेतून होणारा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनीही उफाळतो. त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढच्याच रविवारी सिंहगड चढायला निघू नये, आणि त्या दिवसांत पोटात कळ येऊन भोवळ आली, तर रिक्षा शोधत न बसता १०८ ला फोन करावा.