फिरत्या चकतीवरची 25 मिनिटे

दिवाळीच्या सुट्टीत भावाच्या दोन्ही मुलांना घेऊन मी अहमदाबादचे एक विज्ञान केंद्र पाहून आले. बडोद्याच्या मुलांना संग्रहालय नवीन नसते. कमाटीबागेत 1894 पासून उभ्या असलेल्या आपल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहूनच आमच्या तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. पण तिथे हात मागे बांधून पाहायचे असते, आणि इथे हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. मोठ्यांना मात्र हा फरक चटकन उमगत नाही, असे त्या दिवशी मला फार तीव्रतेने जाणवले.

भाचा नऊ वर्षांचा आहे. तो एका फिरत्या चकतीवर दोन्ही हातांत वजने घेऊन उभा राहिला, मी त्याला हलकेच फिरवले, आणि त्याने हात छातीशी घेताच तो इतक्या वेगाने फिरू लागला की घाबरून त्याने हात पुन्हा पसरले, तर वेग आपोआप कमी झाला. ‘कोनीय संवेग’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला, याचे मला आजही समाधान वाटते. कारण पुढच्या 25 मिनिटांत त्याने एकच हात पसरून पाहिला, वजने खाली ठेवून पाहिले, मागे रांग लागली की उतरून इतरांचे निरीक्षण केले आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. तिसऱ्या खेपेनंतर त्याने विचारले, “आत्या, वजन तेवढेच आहे, मला कोणी ढकललेही नाही, मग वेग वाढला कसा?”

हा प्रश्न तिथल्या फलकावर नव्हता. वजन किती यापेक्षा ते अक्षापासून किती दूर आहे याला इथे महत्त्व असते, आणि ते अंतर निम्मे झाले की फिरण्याला होणारा त्या वजनाचा विरोध एकचतुर्थांशावर येतो, हे मी त्यानंतर सांगितले. बारा वर्षांची भाची लगेच म्हणाली, “म्हणजे गरब्यात गिरकी घेताना हात जवळ घेतो तसेच!” नवरात्रात नऊ रात्री फेर धरणाऱ्या मुलीला हे उदाहरण शोधावे लागले नाही.

आमच्या आजूबाजूला मात्र ‘चल, अजून वरचा मजला राहिला आहे’ हेच वाक्य सतत कानी पडत होते. मुलाचा हात यंत्राला लागण्याआधीच बाबा फलक मोठ्याने वाचत होते, आई फोटो काढत होती. त्यांची कळकळ खरी आहे. एवढा प्रवास करून, तिकीट काढून आलो तर सगळे पाहून व्हावे, असे कोणालाही वाटेल. तरीही माझे स्पष्ट मत आहे की दिवसभरात पाच-सहा प्रयोग पुरेत, मुलाचे बोट धरून चालण्यापेक्षा त्याच्या मागून चालावे, आणि फलक शेवटी वाचावा. 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभारणारे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी तिथे मदतनीस म्हणून शाळकरी मुलामुलींनाच नेमले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जो स्वतः कालपरवा शिकला, त्याला समोरच्याची अडचण नेमकी ठाऊक असते आणि उत्तर देण्याची घाईही नसते.

ज्या राजाने 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या सयाजीरावांच्या गावात आपण राहतो. मुलांना शाळेत पाठवण्यात आपण कुठेच कमी पडत नाही. त्यांना एखाद्या गोष्टीपाशी रेंगाळू देण्यात मात्र कमी पडतो, आणि त्यासाठी पैसाही लागत नाही.

घरी आल्यावर मुलांनी दिवाणखान्यातला झोपाळा हेरला. आधी आजी एकटी बसली आणि भाचीने दहा झोके मोजले. मग आजीच्या दोन्ही बाजूंना दोघे बसले आणि मी मोजले. दोन्ही वेळा 26 सेकंदांच्या आसपास. भाच्याचा यावर विश्वास बसेना, म्हणून त्याने माझ्या भावालाही बसवले. आता साखळीची लांबी कमी करून मोजायचे आहे, आणि आजी त्याला तयार नाही.