‘खरा सेनापती माघार घेत नाही’ म्हणणाऱ्यांनी पन्हाळा आठवावा

‘महान सेनापतींची लक्षणं’ हा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण परवा भाचा सुजलेली नडगी घेऊन भरतीच्या सरावाला धावला. थांब म्हटलं तर त्यातलंच पहिलं वाक्य तोंडावर फेकलं, "मामा, खरा सेनापती कधीच माघार घेत नाही."

कुणी सांगितलं? जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज रात्रीच्या पावसात पन्हाळा सोडून विशाळगडाकडे निघाले, ती माघारच होती. ती तडीस जावी म्हणून बाजीप्रभूंनी खिंडीत देह ठेवला. १६६५ ला पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटले. १६७० ला सिंहगड आणि पुरंदर परत स्वराज्यात आले. माणसं राखली होती म्हणूनच ना?

मेसेजवाल्यांचा दाखला आहे प्रतापराव गुजरांचा. नेसरी आमच्यापासून दूर नाही, त्या मातीला मीही हात जोडतो. त्यांच्या शौर्याबद्दल वादच नाही. प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडल्यावर महाराजांनी खरमरीत लिहिलं, खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असं सभासद बखरीत आहे. हेही मान्य. पण हुकूम खानाला बुडवायचा होता, फौज मागे ठेवून मोजक्या स्वारांनिशी मरायचा नव्हता. २४ फेब्रुवारी १६७४ ला राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आलेला आणि स्वराज्याचा सरनोबत, म्हणजे सरसेनापती, नेसरीला गेला. ती फौज पुढे हंबीररावांना सावरावी लागली. या प्रसंगावरून पोरांना ‘विचार न करता झेप घ्या’ शिकवणं हा प्रतापरावांचाही अपमान आहे.

सिकंदर म्हणे मागे फिरलाच नाही. इ. स. पूर्व ३२६ मध्ये बियास नदीच्या काठावर त्याच्याच सैनिकांनी पुढे यायला नकार दिला आणि तो परतला. व्हिएतनामच्या नेत्याच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ कोरलंय, हे तर धादांत खोटं. हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईत जतन केलेलं आहे, तिथं असलं काही नाही. गनिमी कावा दोन्हीकडे होता, एवढंच खरं.

‘नेता पुढे असतो’ हा मुद्दा मात्र निम्मा पटतो. लाल महालात महाराज स्वतः शिरले होते. पण चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच फौजेला त्यांनी लिहिलेलं पत्र एकदा वाचा. त्यात ते सांगतात, पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणागवत आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, भाजी ओढून आणाल आणि त्यांना मोगल बरे वाटतील. दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. उंदराच्या वातीपर्यंत काळजी करणारा माणूस आहे हा! सेनापती पाहायचा तर तो इथे दिसतो, आणि मेसेजमध्ये या पत्राची एक ओळ नाही.

भाच्याला हे पत्र वाचून दाखवलं. डॉक्टरांनी दोन आठवडे धावू नको म्हटलंय. बूट माझ्या कपाटात आहेत, मागू नकोस.