पंख उलटे नव्हते: काप्रोनी सीए-१०० वरच्या मेसेजला उत्तर

माझ्या भाच्याने सुट्टीत बाल्सा लाकडाचं एक मॉडेल करायला घेतलं होतं. काप्रोनी सीए-१००, १९३० च्या दशकात इटलीच्या हवाई दलाचं नेहमीचं शिकाऊ विमान. तिकडे त्याला लाडाने 'काप्रोन्चीनो' म्हणत, म्हणजे छोटा काप्रोनी. नकाशावरून चारही पंख नीट कापून झाले होते. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि पोराने खालचे लांब पंख वर, वरचे आखूड पंख खाली चिकटवून टाकले. मला दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, त्यांनी उलटे बसवले होते, मी सरळ केले."

मेसेज थोडक्यात असा: इटालियनांना एकपंखी विमान (पंखांची एकच जोडी असलेलं) जमतच नव्हतं, सीए-१०० ही ब्रिटिश मॉथ विमानाची चोरलेली नक्कल, तीही करताना कारखान्यात पंखांची अदलाबदल झाली आणि मुसोलिनीच्या धाकाने कुणी तोंड उघडलं नाही, असल्या जुनाट बायप्लेनवर (एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या विमानावर) पोरांना शिकवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं, म्हणूनच इटली युद्ध हरली. खाली 'सर्वांना पाठवा'. पाठवलंही सगळ्यांनी.

आधी पंख, कारण मॉडेल त्यापायी बिघडलं.

सीए-१०० चा खालचा पंख १० मीटरचा आणि वरचा त्याहून साधारण दीड मीटरने आखूड, हे खरं आहे. बहुतेक बायप्लेनमध्ये दोन्ही सारखे असतात किंवा वरचा लांब असतो, म्हणून फोटो बघताना डोळा अडखळतो. पण अदलाबदल? वरचा पंख वैमानिकाच्या पुढे, धडाच्या वर दांड्यांवर उभा असतो. खालचा थेट धडाच्या दोन बाजूंना जोडलेला असतो. दोन्हींची जोडणी वेगळी, मापं वेगळी. एकाच्या जागी दुसरा बसतच नाही. आणि अशी विमानं एक-दोन नव्हे, सातशेच्या आसपास बनली. इतक्या विमानांत, इतकी वर्षं, तीच चूक?

शिवाय ही रचना इटलीत नवी नव्हती. चेलेस्तीनो रोझातेल्लीने फियाटसाठी आखलेलं सीआर-१ हे लढाऊ विमान १९२३ सालचं. त्याचाही वरचा पंख आखूड आणि खालचा लांब. वरचा पंख आखूड ठेवला की वैमानिकाच्या डोक्यावरचं आकाश कमी झाकलं जातं. ज्याला वरून येणारं दुसरं विमान वेळेत दिसायला हवं, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. कुणीतरी बसून, हिशेब करून हे ठरवलं होतं.

नक्कल म्हणाल, तर त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. काप्रोनी कंपनीने डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीच्या डीएच-६० मॉथचा परवाना घेतला होता आणि सीए-१०० तिच्यावरच बेतलेलं आहे. पण परवाना घेतलेल्या गोष्टीला चोरी म्हणत नाहीत. आणि मॉथचे वरचे-खालचे पंख लांबीला सारखेच होते! मग अदलाबदल कशाची झाली? मेसेज लिहिणाऱ्याने आपलीच दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली असती तरी पुरे होतं.

एकपंखी जमत नव्हतं म्हणे. १९३३ मध्ये इटलीचा हवाई मंत्री इटालो बाल्बो ज्या २४ विमानांचा ताफा घेऊन इटलीतल्या ओर्बेतेल्लोहून शिकागोला पोहोचला, ती सावोया-मार्केत्ती एस-५५ सगळी एकपंखी होती. २३ ऑक्टोबर १९३४ ला फ्रांचेस्को आजेल्लो या वैमानिकाने इटलीतल्या गार्दा सरोवरावर माक्की एमसी-७२ ताशी ७०९ किलोमीटरने उडवलं. तेही एकपंखी. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो विक्रम अजून मोडलेला नाही. एफएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई महासंघ, याच्या नोंदींत हे कुणालाही सापडेल.

त्याच नोंदींत कारिना नेग्रोने ही वैमानिकही सापडेल. १९३४ मध्ये तिने पाण्यावर उतरणाऱ्या सीए-१०० मधून ५,५४४ मीटर उंची गाठली, महिलांचा विक्रम केला. ज्या विमानाचे पंख म्हणे चुकून लागले होते, त्याच विमानातून.

आता ज्या मुद्द्याचा मला खरा संताप आला तो. बायप्लेनवर शिकवणं म्हणजे जीव घेणं. भाच्याला एनसीसीच्या एअर विंगमध्ये जायचंय, आणि हे वाचून त्याची आजी घाबरली. अहो, वजन हलकं आणि पंखांचं क्षेत्रफळ भरपूर, म्हणून असं विमान अगदी कमी वेगातही हवेत टिकतं. नवशिक्या चुकला तर सावरायला त्याला वेळ मिळतो. लाकूड-कापडाचा पंख फाटला तर तळावरच दुरुस्त होतो. म्हणून त्या काळी ब्रिटनमध्ये टायगर मॉथ, अमेरिकेत स्टिअरमन, जर्मनीत ब्यूकर युंगमान, सगळी शिकाऊ बायप्लेनच. हैदराबादच्या बेगमपेटला आपल्याकडची मुलं टायगर मॉथवरच शिकली. आपलं स्वतःचं शिकाऊ विमान एचटी-२ उडालं ते १९५१ मध्ये. आपल्या हवाई दलाने एक जुनं टायगर मॉथ दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या हवाई दल दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडवलं. जीवघेण्या विमानाचा असा मान कुणी ठेवत नाही.

युद्धाचं म्हणाल, तर सीआर-४२ हे बायप्लेन लढाऊ विमान म्हणून इटलीने फार काळ ओढलं, हे खरंच आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये इंग्लंडवर त्यांची गाठ ब्रिटिश हरिकेन लढाऊ विमानांशी पडली तेव्हा ते किती मागे पडलंय हे दिसलं. पण ते लढाईचं विमान. शिकवण्याचं वेगळं. त्यावरून काप्रोन्चीनोला दोष देणं म्हणजे शर्यतीची सायकल हरली म्हणून शिकायची सायकल मोडीत काढणं.

मेसेज ग्रुपवर ज्यांनी टाकला त्या काकांना हे सगळं पाठवलं आहे. ज्या चार ग्रुपवर तो टाकलात, तिथे हेही टाका, एवढीच विनंती केली आहे. भाच्याने काल डिंक भिजवून पंख सोडवले. वरचा थोडा तुटलाय, तो नव्याने कापावा लागेल.